वाचकांचे प्रश्न : कळसूबाई आणि तिच्या पायथ्याचा मुलूख

गेल्या अंकात कळसूबाईवर जे छोटे टिपण दिले होते, त्यात शिखराची उंची, बारी गावातून वर जाणारी पायवाट आणि त्या वाटेवरच्या लोखंडी शिड्या एवढ्याच गोष्टी आल्या होत्या. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत शिखरापेक्षा भोवतीची गावे, तिथले पाणी आणि वरची देवी यांविषयी विचारणा आहे, आणि त्याचा मला मनापासून आनंद झाला. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले आणि नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी या दोन तालुक्यांच्या सीमेवरचा हा डोंगर गेली अनेक वर्षे मी निरनिराळ्या ऋतूंत पाहत आलो आहे. काही उत्तरे त्यामुळे लांबली आहेत. ज्यांना थोडक्यात सांगता येते ते थोडक्यात सांगितले आहे.

प्रश्न : माझा भाचा हिमालयात गिर्यारोहणाचे शिक्षण घेऊन आला आहे. त्याचे म्हणणे असे की, १६४६ मीटर ही काही शिखराची उंची नव्हे, ही तर टेकडी झाली. आम्ही मात्र लहानपणापासून कळसूबाई हे सह्याद्रीतील सर्वांत उंच शिखर असेच पाठ केले आहे. खरे काय मानावे? (डोंबिवलीचे एक वाचक)

उत्तर : आपल्या भाच्याचा आकडा बरोबर आहे. सिमला आणि मसुरी ही दोन्ही शहरे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंचावर वसलेली आहेत. आपल्या पाठांतरात मात्र एक दुरुस्ती करावी लागेल. सबंध सह्याद्रीचा, म्हणजे पश्चिम घाटाचा विचार केला तर पहिला मान केरळमधील २६९५ मीटर उंचीच्या अनाईमुडीकडे जातो. कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर आहे. तिच्या खालोखाल बागलाणातील साल्हेर १५६७ मीटरवर आहे, आणि ज्याला अनेक जण चुकून दुसरा क्रमांक देतात तो हरिश्चंद्रगड १४२४ मीटरवर.

तरीही तिला टेकडी म्हणायला माझे मन घेत नाही. उंची समुद्रसपाटीपासून मोजली जाते, पण डोंगर डोळ्यांत भरतो तो पायथ्यापासून. बारी गावाच्या शेवटच्या घरापासून माथ्यापर्यंत आठशे मीटरांहून अधिक चढ आहे आणि तो एका सलग सोंडेवरून जातो. मध्ये दम घ्यायला पठारे थोडी आणि लहान. पहाटे गावातून वर पाहिले की एकावर एक रचलेले काळे कडे दिसतात आणि सर्वांत वर, एखाद्या उभ्या केलेल्या मुसळाच्या टोकासारखा, तो लहानसा माथा.

या डोंगराची एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. त्याच्या पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग हे तीन किल्ले आहेत, दक्षिणेला रतनगड आहे, पूर्वेकडे बितनगड, औंढा आणि पट्टा आहेत. या साऱ्यांवर तट आहेत, दरवाजे आहेत, खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. मात्र सर्वांत उंच असूनही कळसूबाईवर कोणत्याही राजवटीच्या तटबंदीचा मागमूस नाही. माथा इतका आटोपशीर आहे की तिथे शिबंदी ठेवायला, धान्य साठवायला आणि टाकी खोदायला जागाच नव्हती, हे त्याचे कारण असावे असे मला वाटते. म्हणून तिथे बुरूज झाला नाही, एक देऊळ झाले. आता त्या देवीकडे वळू, कारण पुढचा प्रश्न तिच्याविषयीच आहे.

प्रश्न : कळसूबाई हे नाव ‘कळस’ या शब्दावरून आले आहे, असे मी वर्गात सांगत असे. एका विद्यार्थिनीने मला सांगितले की, कळसू ही मुलगी होती. ही कथा नेमकी काय आहे? (नाशिक जिल्ह्यातील एक शिक्षिका)

उत्तर : आपल्या विद्यार्थिनीने सांगितले तेच डोंगराच्या भोवतालच्या गावांत सांगितले जाते. राज्यातल्या सर्वांत उंच जागेला ‘कळस’ हा शब्द शोभतो, म्हणून शहरातल्या माणसाचा कान तिकडे वळतो. परंतु गावकऱ्यांच्या लेखी हे एका मुलीचे नाव आहे.

कथा अशी की, कळसू नावाची कोळ्याची पोर डोंगराच्या उत्तर पायथ्याच्या इंदोरे गावात पाटलाच्या घरी कामाला राहिली. राहण्यापूर्वीच तिने अट घातली होती की, केरवारा आणि भांडी घासणे ही दोन कामे सोडून सांगाल ते करीन. पाटलाने अट मान्य केली आणि काही दिवस ती पाळलीही. मग एके दिवशी घरी पाहुण्यांची गर्दी झाली आणि पाटलाने तिला भांडी घासायला आणि केर काढायला लावले. कळसूने वाद घातला नाही. तिने भांडी घासली, केर काढला आणि तशीच डोंगराची वाट धरली. ती पुन्हा खाली उतरली नाही. तिथेच तिचा शेवट झाला. जिथे तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ आणि जिथे केर काढला तो काळदरा, अशी ठिकाणांची नावेही या कथेशी जोडलेली आहेत. तिची आठवण म्हणून गावकऱ्यांनी माथ्यावर देऊळ बांधले.

महाराष्ट्रातील डोंगरावरच्या देवींच्या कथा आपण सारे ऐकत आलो आहोत. त्यांत दैत्य असतो, युद्ध असते, देवीच्या हातांत शस्त्रे असतात. कळसूच्या कथेत यांपैकी काहीच नाही. कामाला राहताना आपली अट स्पष्टपणे सांगणारी एक गरीब मुलगी आहे, दिलेला शब्द सोयीप्रमाणे मोडणारा मालक आहे आणि त्यानंतर त्या घरात एक दिवसही न राहण्याचा तिचा निर्णय आहे. एवढ्यावर लोकांनी तिला देवी मानले. ही कथा पिढ्यान्‌पिढ्या जपणारा समाज मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर यांचा आहे, हे वर्गात आवर्जून सांगावे. याच अकोले तालुक्यातील देवगावच्या महादेव कोळी घराण्यातील राघोजी भांगरे यांनी सावकारी पिळवणुकीविरुद्ध आणि इंग्रजी अंमलाविरुद्ध बंड उभारले आणि १८४८ साली त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. मोडलेल्या शब्दाचा सल काय असतो, हे या डोंगराखालच्या माणसांना कथेतूनच शिकावे लागले असे नाही.

नवरात्रात देवीची यात्रा भरते आणि आसपासच्या गावांतील बायका-माणसे नऊ दिवस वर येत राहतात. अशाच एका सकाळी शेवटच्या शिडीखाली मी थांबलो होतो. साठीच्या पुढच्या एक आजी अनवाणी वर येत होत्या. पदराच्या ओच्यात खण, नारळ आणि हळद-कुंकवाच्या पुड्या होत्या, त्यामुळे त्यांचा एकच हात शिडी धरायला मोकळा होता. दर दोन पायऱ्यांनंतर त्या ओचा सावरून घेत होत्या, पण त्यातली वस्तू कुणाच्या हाती देत नव्हत्या. वर पोचल्यावर त्यांनी आधी उंबऱ्याजवळ साचलेली फुले आणि उदबत्तीच्या काड्या पदराने बाजूला सारल्या आणि मगच खण पुढे केला. देऊळ इतके लहान आहे की आत दोन-तीन माणसे उभी राहिली की चौथ्याला थांबावे लागते. आजींच्या मागे बरीच मोठी रांग झाली होती आणि कुणीही घाई केली नाही.

प्रश्न : कळसूबाई हा पूर्वी ज्वालामुखी होता काय? चढताना पायऱ्यापायऱ्यांसारखे कडे का दिसतात? (संगमनेरचा एक महाविद्यालयीन विद्यार्थी)

उत्तर : कळसूबाई ज्वालामुखी नव्हती. ज्या लाव्हारसातून हा सारा प्रदेश घडला, तो एखाद्या शंकूच्या तोंडातून नव्हे, तर जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून बाहेर आला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी असे लोट एकामागून एक येत राहिले, एक थर थंड झाल्यावर त्यावर दुसरा पसरला आणि दख्खनचे जाड पठार तयार झाले. त्यानंतर पाऊस, ओढे आणि ऊन यांनी ते कोरून काढले. म्हणजे कळसूबाई वर उचलली गेलेली नाही. आजूबाजूचे झिजून गेले आणि ती उरली. एखाद्या मोठ्या भाकरीचे तुकडे मोडून खाल्ल्यावर मधला एक तुकडा परातीत राहावा, तसे तिचे आहे.

पायऱ्यांचे कारणही याच थरांत आहे. प्रत्येक थराचा मधला भाग सावकाश थंड झाल्यामुळे घट्ट आणि टणक असतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र आणि ठिसूळ असतो. टणक भाग उभा कडा होऊन टिकतो, ठिसूळ भाग झिजून उताराचा आणि मातीचा पट्टा होतो. आपण कधी वर गेलात तर लक्ष द्या : जिथे गवत, झाडोरा किंवा एखादे खाचर आहे तिथे चालायला सोपे असते, आणि जिथे लोखंडी शिडी लावावी लागली आहे तिथे एखाद्या थराचा टणक भाग आडवा आलेला असतो. वाडी कुठे वसावी, वाट कुठून जावी आणि शिडी कुठे लागावी, हे सारे मूळच्या या थरांनीच ठरवून ठेवले आहे. बुडबुड्यांच्या पोकळीत पुढे पाझरत्या पाण्यातून खनिजे साचली. काळ्या दगडात बदामाएवढ्या पांढऱ्या गुठळ्या दिसतात, त्या याच.

भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी असाल तर आणखी एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. पश्चिम महाराष्ट्रातील या थरांची जी क्रमवारी शास्त्रज्ञांनी लावली आहे, तिच्यातील सर्वांत खालच्या, म्हणजे सर्वांत जुन्या गटाला ‘कळसूबाई उपगट’ असेच नाव आहे. त्यावर लोणावळा उपगट येतो आणि त्यावर वाई उपगट. कळसूबाई उपगटातील काही थरांमध्ये फेल्डस्पार खनिजाचे फिकट रंगाचे, चपटे स्फटिक आढळतात आणि त्यांची लांबी कित्येकदा काही सेंटिमीटर भरते. थळ घाटाच्या, म्हणजे आपल्या कसारा घाटाच्या नावाने ओळखला जाणारा असा एक थर आहे. फुटलेल्या ताज्या दगडावर ते स्फटिक असे विखुरलेले असतात की, काळ्या पाटीवर कुणी भाताची शिते सांडली आहेत असे वाटावे. एवढे मोठे स्फटिक वाढायला वेळ लागतो, म्हणून हा रस बाहेर पडण्यापूर्वी जमिनीखाली बराच काळ साठून राहिला असला पाहिजे, असा त्यावरून निष्कर्ष काढला जातो.

प्रश्न : आम्ही मे महिन्यात कळसूबाईच्या पायथ्याशी एका वाडीत मुक्कामाला होतो. ज्यांच्या घरी उतरलो त्या ताई पहाटे अंधारात उठून पाण्याला गेल्या आणि दीड तासाने दोन हंडे घेऊन परतल्या. अंगणातून भंडारदऱ्याचे पाणी चमकताना दिसत होते. एवढा पाऊस, एवढे मोठे धरण आणि तरी ही स्थिती का? (पुण्याच्या एक वाचक)

उत्तर : आलेल्या सर्व पत्रांत हे पत्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहे.

या मुलखात पाऊस कमी पडतो असे कुणीही म्हणणार नाही. अरबी समुद्रावरून आलेले ढग कोकण ओलांडून घाटमाथ्याला धडकतात आणि घाटघर, साम्रद, रतनवाडी या पट्ट्यात अक्षरशः रिकामे होतात. जिल्ह्यातील सर्वाधिक पाऊस इथेच होतो. तिथून पूर्वेला अकोले शहराकडे यावे तसा पाऊस झपाट्याने उतरतो, आणि पुढे त्याच जिल्ह्यात अवर्षणाचा मुलूख सुरू होतो. पण हा पाऊस पडतो तो चार महिन्यांत, आणि पडतो तो तीव्र उतारावर. वर सांगितलेल्या टणक कातळात पाणी मुरायला जागा नाही. ते साठते फक्त वरच्या मुरमात, थरांमधल्या ठिसूळ पट्ट्यात आणि भेगांत, आणि तो साठा थोडा असतो. पावसाळ्यात प्रत्येक कड्यावरून धबधबा कोसळतो, याचाच अर्थ ते पाणी डोंगरात थांबत नाही. दिवाळीपर्यंत ओढे वाहतात, फेब्रुवारी-मार्चपर्यंत झरे आणि विहिरी कशाबशा पुरतात, आणि त्यानंतर ओढ्याच्या वाळूत झिरा खोदून वाटीवाटीने हंडा भरण्याची वेळ येते.

आता धरणाविषयी. प्रवरा नदीवरील भंडारदऱ्याच्या धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पूर्ण झाले. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून धरणाला विल्सन धरण हे नाव पडले; जलाशयाला आर्थर लेक म्हणतात. सुमारे ८२ मीटर उंचीचे हे दगडी धरण त्या काळी देशातील सर्वांत उंच धरणांपैकी एक होते आणि त्यात सुमारे ११ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते. परंतु ते बांधले गेले खालच्या शेतीसाठी. इथून सुटलेले पाणी नदीतून संगमनेरच्या पुढे ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जाते आणि तिथून निघणाऱ्या डाव्या-उजव्या कालव्यांनी श्रीरामपूर, राहुरीकडच्या रानात पसरते. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभा राहून १९५० साली सुरू झाला, तो याच पाण्यावर वाढलेल्या उसाच्या बळावर. त्या भागाचे जे भले झाले ते खरे आहे आणि मोलाचे आहे. मात्र दरीच्या तळाशी असलेली भाताची सुपीक खाचरे जलाशयाखाली गेली ती वरच्या माणसांची, आणि त्यांच्या वाड्या उरल्या त्या उतारावर, पाण्याच्या पातळीच्या वर. पाणी डोळ्यांसमोर असूनही ते उचलून आणायला पंप लागतो, वीज लागते, नळाची लांब वाट लागते आणि त्या पाण्यावर हक्क लागतो.

पाणी वर चढवणे अशक्य आहे, असे मात्र कुणी सांगितले तर ते मानू नये. याच परिसरात घाटघर येथे २५० मेगावॉट क्षमतेचा जलविद्युत प्रकल्प आहे. विजेची मागणी वाढते तेव्हा घाटमाथ्यावरच्या धरणातले पाणी कोकणाच्या बाजूला खाली सोडून वीज निर्माण केली जाते, आणि मागणी उतरली की तेच पाणी पंपांनी पुन्हा घाटमाथ्यावर चढवले जाते. हे तंत्र उत्तम आहे आणि त्याची गरजही आहे. पण जिथे विजेसाठी पाणी रोज अख्खा घाट चढते, तिथे वाडीतल्या बाईने हंडा घेऊन मैलभर चढ चढावा, हे मला पटवून घेता येत नाही. वाडीची गरज त्यामानाने फारच थोडी असते : वर एक टाकी, एक लहान पंप, झऱ्याच्या तोंडाशी बांधलेले आणि झाकलेले कुंड, ओढ्यावर पावसाळा संपता संपता घातलेले बांध. जिथे ही कामे नीट झाली आणि नंतर कुणीतरी त्यांची देखभाल केली, तिथे उन्हाळ्यातले दिवस सुसह्य होतात. देखभाल हा त्यातला कळीचा शब्द आहे, कारण बंद पडलेली टाकी आणि गंजलेला नळ मी या वाड्यांत कितीतरी ठिकाणी पाहिला आहे.

पाहुणे म्हणून आपल्यापुरते करण्याजोगे एवढेच की, मार्च ते जून या काळात तिथे राहायचे असेल तर पिण्याचे पाणी गाडीतून सोबत न्यावे आणि अंघोळीसाठी बादलीभर पाणी मागण्यापूर्वी ते कुठून आले ते विचारावे. घरातली माणसे नाही म्हणणार नाहीत. म्हणूनच आपण विचारले पाहिजे.

प्रश्न : माझ्या आईचे वय ६८ असून तिला देवीच्या दर्शनाची फार इच्छा आहे. गुडघे दुखतात. न्यावे काय? (ठाण्याचे एक वाचक)

उत्तर : गुडघे दुखत असतील तर माथ्यापर्यंत नेऊ नये. चढाला तीन ते साडेतीन तास लागतात आणि उतरताना, विशेषतः शिड्यांवर, गुडघ्यांवर अधिक भार येतो. ज्यांना वर जाणे जमत नाही त्यांच्यासाठी खालच्या टप्प्यावर देवीचे मंदिर आहे. तिथे जाऊन ओटी भरावी. आईंच्या मनाला ते उणे वाटणार नाही, कारण गावातले म्हातारे-कोतारेही तेच करतात. आपण स्वतः वर जाणार असाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. भर पावसात आणि धुक्यात शिड्या निसरड्या होतात आणि पुढची माणसे दिसत नाहीत, अशा वेळी मागे फिरण्यात कमीपणा नाही. माथ्यावर पायथ्यापेक्षा साधारण पाच अंशांनी गार असते आणि वारा सतत असतो, त्यामुळे हिवाळ्यात कानटोपी न्यावी.

प्रश्न : भंडारदऱ्याचे काजवे पाहायला नेमके कधी जावे? गर्दीच्या बातम्या वाचून जाऊ नये असेही वाटते. (मुंबईच्या एक वाचक)

उत्तर : मे महिन्याचा शेवटचा आठवडा आणि जूनचा पहिला पंधरवडा, म्हणजे वळवाच्या सरी पडून गेल्यानंतर आणि पावसाळा जोर धरण्यापूर्वी. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे एकाच लयीत लुकलुकतात आणि सबंध झाड विझते, पेटते. हा प्रकाश म्हणजे नर-मादीने एकमेकांना दिलेली हाक असते. प्रौढ काजव्याचे आयुष्य थोड्या आठवड्यांचे असते. तेवढ्यात त्याला जोडीदार सापडला पाहिजे.

आपल्याला जी शंका वाटते ती योग्यच आहे. मोटारीचे दिवे, हातातल्या बॅटऱ्या आणि मोबाइलचे फ्लॅश यांच्या झोतात ही हाक पुसली जाते. त्याहून मोठे नुकसान पायांखाली होते, कारण काजव्याची अंडी आणि अळ्या झाडाखालच्या ओलसर मातीत आणि पालापाचोळ्यात असतात, आणि रस्ता सोडून झाडाजवळ जाणारी गर्दी नेमकी तीच तुडवते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे १९८६ साली घोषित झालेले अभयारण्य आहे. तेव्हा प्रवेशाच्या वेळा आणि इतर नियम वन विभागाने लावलेले असतात व ते पाळलेच पाहिजेत. शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी जावे, स्थानिक वाटाड्या घ्यावा, दिवे बंद करून रस्त्यावरच उभे राहावे. अंधाराला डोळे सरावायला दहा मिनिटे लागतात. तेवढे थांबलात तर दूरचे झाडही पुरेसे दिसते.

प्रश्न : तिकडून येताना काय आणावे? (एक वाचक)

उत्तर : तांदूळ आणा. या खाचरांत होणारा काळभात हा जुना, सुवासिक वाण आहे. त्याचे उत्पादन कमी येते म्हणून तो मागे पडला होता आणि आता काही शेतकरी तो पुन्हा लावू लागले आहेत. नागली, वरई आणि खुरासणी ही उतारावरची पिके. खुरासणीचे तेल मिळाले तर तेही घ्यावे. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशाच गावरान वाणांची बियाणी घरात जपून बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेही याच अकोले तालुक्यात.

भाव करताना एवढे आठवावे की, या तांदळाची सुरुवात एप्रिल-मे महिन्यांतच दाढ भाजण्याने होते : पालापाचोळा आणि शेण पसरून रोपांची जागा भाजायची, पहिल्या पावसाला तिथे बी टाकायचे आणि मग भर पावसात, अंगावर इरले किंवा प्लास्टिकचा कागद घेऊन, गुडघाभर चिखलात वाकून आवणी, म्हणजे रोपांची लावणी, करायची. आवणीच्या दिवसांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाठ सरळ करायला उसंत मिळत नाही, आणि ते काम बहुतांशी बायकाच करतात.

प्रश्न : आमच्या शाळेतील मुलांच्या घरचा ऊस प्रवरेच्या कालव्यावर वाढतो. त्यांना नदी जिथे सुरू होते ते ठिकाण दाखवायचे आहे. एका दिवसात काय काय होईल? (श्रीरामपूर भागातील एक मुख्याध्यापक)

उत्तर : ही सहल आपण जरूर काढावी, आणि शिखरावर नेण्याचा आग्रह धरू नये. प्रवरा रतनगडाच्या डोंगरात उगम पावते. गडाच्या पायथ्याच्या रतनवाडीत अमृतेश्वराचे शिलाहारकालीन दगडी मंदिर आहे. त्याच्या शिखरावर लहान लहान शिखरांच्या उभ्या ओळी कोरलेल्या आहेत आणि आवारात पायऱ्यांनी बांधून काढलेली पुष्करणी आहे. प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात आणि तिचा संबंध समुद्रमंथनाच्या कथेशी जोडला जातो, हे मुलांना तिथेच सांगावे.

पहाटे निघून आधी रतनवाडी, मग जलाशयाच्या काठाने परत येऊन धरणाची भिंत आणि रंधा धबधबा, असा क्रम ठेवला तर अंधार पडण्यापूर्वी मुले घाट उतरलेली असतील. धबधब्याजवळ कठडा सोडून कुणालाही पुढे जाऊ देऊ नये. जाताना उत्तरेकडे कळसूबाईची रांग दिसते. एक गोष्ट मुलांकडून नकाशावर काढून घ्यावी : त्या रांगेच्या दक्षिणेला पडलेला पाऊस प्रवरेत येतो, उत्तरेला पडलेला दारणेकडे जातो, आणि दोन्ही पाणी शेवटी गोदावरीतच मिळते. दारणा नाशिकच्या बाजूने लांबून जाते. प्रवरा आपल्या गावांवरून पुढे नेवाशाला जाते, जिथे तिच्या काठी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि तिथून प्रवरासंगमला गोदावरीस मिळते.

वेळ उरला तर बारीकडे थोडा वेळ वळावे. फेब्रुवारीत गेलात तर गावच्या विहिरीवर दुपारीही बायका असतील. मुलांना विहिरीत डोकावू द्या आणि पाणी किती खाली गेले आहे ते दोराने मोजू द्या. वहीत तो आकडा लिहून घ्या आणि त्याखाली त्याच दिवशी आपल्या कालव्यात किती पाणी होते ते लिहा.